प्रोग्रॅमच्या सूचना चालवतं कोण? एम्युलेशन कशाला म्हणावं याबद्दल

व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आला. त्यावर विंडोज नसतं, लिनक्स असतं. तरीही विंडोजसाठी बनवलेले असंख्य खेळ त्यावर चालतात, आणि बरेचसे चांगल्या वेगाने चालतात. हे कसं जमतं असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, "आत एम्युलेटर असतो." एम्युलेटर म्हणजे दुसऱ्या यंत्राचं सोंग उभं करणारा प्रोग्रॅम. हे उत्तर बरोबर नाही. आत असतं व्हॉल्व्हचं प्रोटॉन नावाचं सॉफ्टवेअर, प्रोटॉनच्या पोटात असतं वाइन, आणि वाइन या नावाचा विस्तारच 'वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर' असा केला जातो. १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचे, एवढाच हेतू होता. सुरुवातीच्या काळात त्याच्या नावाचा 'विंडोज एम्युलेटर' असाही विस्तार सांगितला जाई. म्हणजे खुद्द प्रकल्पातही हा प्रश्न सुरुवातीपासून घोळत होता.

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एखादा जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालेल का, किती वेगाने चालेल, त्यासोबत आलेला व्हायरस तुमच्या फायलींपर्यंत पोहोचेल का, आणि दहा वर्षांनी वेगळ्या प्रोसेसरचा संगणक घेतलात तर तो प्रोग्रॅम सोबत येईल का, या सगळ्यांची उत्तरं 'इथे नेमकं कशाचं एम्युलेशन होतंय' यावर अवलंबून असतात. त्यामुळे मुळापासून पाहू.

चालू असलेल्या प्रोग्रॅमचा संबंध दोघांशी येतो. पहिला प्रोसेसर. प्रोग्रॅमच्या फाइलमधला मोठा भाग म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या बारीक सूचना असतात: हे दोन आकडे मिळव, हा आकडा शून्य आहे का बघ, असेल तर अमुक ठिकाणी उडी मार. या सूचना बाइटच्या रूपात लिहिलेल्या असतात आणि कुठल्या बाइटचा अर्थ काय, हे प्रोसेसर बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ पासून पुढच्या, एक्स८६ घराण्यातल्या सगळ्या प्रोसेसरांवर 'सी३' हा बाइट म्हणजे 'जिथून आलास तिथे परत जा'. संगणकावर विंडोज आहे की लिनक्स, याने त्या बाइटच्या अर्थात काहीही फरक पडत नाही.

दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. फाइल उघडणं, पडद्यावर चौकट काढणं, नेटवर्कवरून काही मागवणं ही कामं प्रोग्रॅमला परस्पर करता येत नाहीत. त्यासाठी सिस्टीमकडे विनंती करावी लागते. तहसील कचेरीच्या खिडकीत अर्ज द्यावा तसंच हे असतं. अर्जाचा नमुना ठरलेला, मिळणाऱ्या दाखल्याचा नमुनाही ठरलेला. आत कोण बसलंय आणि त्याने कागद कुठल्या कपाटातून काढला, याच्याशी अर्जदाराला कर्तव्य नसतं. उद्या दुसऱ्या इमारतीत, दुसऱ्या कर्मचाऱ्यांनी तोच अर्ज स्वीकारून तसाच दाखला दिला, तर अर्जदाराचं काम होतं. वाइन म्हणजे ही दुसरी कचेरी आहे. आणि तिथवर अर्जदार स्वतःच्या पायांनीच चालत येतो, म्हणजे प्रोग्रॅमच्या सूचना खरा प्रोसेसरच चालवतो. पुढच्या सगळ्या चर्चेत हाच मुद्दा कळीचा आहे.

आता वाइनमध्ये प्रत्यक्ष काय घडतं ते बघू. विंडोजच्या ईएक्सई फाइलची अंतर्गत मांडणी लिनक्सच्या प्रोग्रॅमपेक्षा वेगळी असते. लिनक्सचं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ती आपणहून वाचत नाही. म्हणून वाइनचा लोडर ती फाइल वाचतो, तिचे तुकडे मेमरीत योग्य जागी ठेवतो आणि त्या प्रोग्रॅमला कोणकोणत्या डीएलएल, म्हणजे तयार फंक्शनांचे संच, लागतात ते पाहतो. त्या डीएलएल वाइनने स्वतः नव्याने लिहिलेल्या आहेत. त्यांची नावं तीच, त्यांतल्या फंक्शनची नावं तीच, पण आतलं काम लिनक्सच्या पद्धतीचं. प्रोग्रॅमने सी ड्राइव्हवरची फाइल मागितली की वाइन तो पत्ता वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या एका साध्या डिरेक्टरीकडे वळवतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर एकच मानलं जातं, लिनक्समध्ये मानलं जात नाही, तीही तडजोड तिथेच करावी लागते. रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीच्या, जागी साध्या मजकुराच्या फायली असतात. विंडोजचं कर्नल जी कामं करतं, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्यासाठी थांबणं, उघडलेल्या फायलींसारख्या गोष्टींचे क्रमांक (हँडल) सांभाळणं वगैरे, त्यातली बरीचशी कामं 'वाइनसर्व्हर' नावाचा वेगळा प्रोग्रॅम बघतो. खेळ विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या ग्राफिक्सच्या भाषेत चित्र काढायला सांगतो, ते डीएक्सव्हीके नावाचा थर लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या भाषेत ग्राफिक्स ड्रायव्हरला सांगतो.

एवढ्या सगळ्या उलाढालीत प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सूचनांना कोणी हात लावलेला नसतो. बेरजेची सूचना आली की संगणकातला खरा प्रोसेसर खरी बेरीज करतो. मध्ये कोणी वाचणारा नाही, अर्थ लावणारा नाही. प्रोसेसरच्या दृष्टीने तो प्रोग्रॅम इतर कुठल्याही लिनक्स प्रोग्रॅमसारखाच एक. म्हणूनच आकडेमोड करणाऱ्या भागाचा वेग विंडोजवर असतो तसाच राहतो, आणि कधीकधी लिनक्सचा ग्राफिक्स ड्रायव्हर सरस असेल तर खेळ थोडा जास्तच पळतो.

खऱ्या एम्युलेटरचं काम याच्या अगदी उलट टोकाला असतं. निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस यंत्राचा खेळ मोबाइलवर चालवायचा आहे असं धरा. त्या यंत्रातला प्रोसेसर ६५०२ घराण्यातला होता. मोबाइलमधला एआरएम प्रोसेसर त्याची एकही सूचना समजू शकत नाही. मग एम्युलेटर एक कागदोपत्री प्रोसेसर उभा करतो: ६५०२ ची रजिस्टरं (प्रोसेसरच्या आतल्या, आकडे ठेवायच्या छोट्या जागा) म्हणजे प्रोग्रॅममधले काही साधे आकडे, त्याची मेमरी म्हणजे एक लांब यादी. खेळाच्या फाइलमधला एक बाइट वाचायचा, त्याचा अर्थ काय ते ठरवायचं, त्याप्रमाणे आपल्या यादीत बदल करायचे, पुढचा बाइट घ्यायचा. मूळ यंत्रातल्या एका सूचनेसाठी इथे अनेक सूचना खर्ची पडतात. एनईएसचा प्रोसेसर सेकंदाला जेमतेम १८ लाख ठोके देत असे, त्यामुळे आजच्या फोनला हे सहज परवडतं.

पण प्रोसेसर उभा करून भागत नाही. त्या यंत्रात चित्र काढणारी वेगळी चिप होती, आणि अमेरिका-जपानमधल्या यंत्रांवर प्रोसेसरच्या एका ठोक्याला ती पडद्यावरचे तीन ठिपके पुढे सरकत असे. खेळ लिहिणाऱ्यांनी हे गणित हेरून युक्त्या केल्या होत्या: पडद्यावरचं चित्र अर्धवट काढून झालं असतानाच ते सरकवायचं, म्हणजे वरची गुणांची पट्टी स्थिर राहते आणि खालचं दृश्य हलतं. एम्युलेटरने वेळेचं हे गणित पाळलं नाही तर पट्टी थरथरते किंवा खेळ अडकतो. म्हणजे इथे कुठल्याही 'विनंतीचा नमुना' ठरलेला नाही. धातू आणि सिलिकॉनचं ते यंत्र जसं वागत होतं, तसं वागणं हाच नमुना. माझ्या मते एम्युलेशनचा गाभा इथे आहे. जे यंत्र समोर नाही त्याचं वागणं सॉफ्टवेअरने उभं करायचं, आणि त्या यंत्रासाठी लिहिलेल्या सूचना त्या उभ्या केलेल्या यंत्रावर चालवायच्या.

मग नव्या मॅकवर जुने प्रोग्रॅम चालवणारी ॲपलची रोझेटा कुठे बसते? नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने एम१ चिपचे मॅक आणले. त्याआधीचे मॅक इंटेलचे होते, त्यामुळे सगळे जुने प्रोग्रॅम एक्स८६ च्या सूचनांनी भरलेले. रोझेटा २ ते प्रोग्रॅम एकेक सूचना वाचत बसत नाही. प्रोग्रॅम बसवताना किंवा पहिल्यांदा उघडताना ती सगळ्या सूचनांचा एआरएममध्ये अनुवाद करून ठेवते आणि जे आधी करता येत नाही ते चालता चालता करते. वेग इतका चांगला असतो की काही जण म्हणतात, हे एम्युलेशन नव्हे, हे भाषांतर आहे. मला हा युक्तिवाद पटत नाही. आधी अनुवाद करून ठेवला की ओळीगणिक केला, हा वेगाचा प्रश्न झाला. प्रोग्रॅमच्या मूळ सूचना एकाही खऱ्या एक्स८६ प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाहीत, त्याची रजिस्टरं आणि त्याचे नियम सॉफ्टवेअरनेच सांभाळलेले असतात, तेव्हा हे प्रोसेसरचं एम्युलेशनच.

गंमत अशी की रोझेटा आणि वाइन एकमेकांचे आरसे आहेत. वाइन ऑपरेटिंग सिस्टीम बदलतं आणि प्रोसेसरला हात लावत नाही. रोझेटा प्रोसेसर बदलते आणि ऑपरेटिंग सिस्टीमला हात लावत नाही, कारण जुना प्रोग्रॅम मॅकओएसचा आणि नवा संगणकही मॅकओएसचाच. दोन्हींना आपण सैलपणे 'कम्पॅटिबिलिटी' म्हणतो, पण त्यांच्या कामात सामाईक असं जवळजवळ काहीच नाही. आणि म्हणूनच त्या एकावर एक रचता येतात. एम१ मॅकवर क्रॉसओव्हर हे वाइनवर बेतलेलं सॉफ्टवेअर वापरून विंडोजचा प्रोग्रॅम उघडलात, तर वाइन त्याच्या विनंत्या सांभाळतं आणि रोझेटा त्याच्या सूचना. त्या मॅकवर 'एम्युलेशन चालू आहे' हे विधान खरं आहे, पण ते वाइनमुळे खरं ठरत नाही.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, ही तिसरी गोष्ट, आणि सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी व्हर्च्युअल मशीन कशाला म्हणावं याच्या अटी मांडल्या. त्यातली एक अट अशी की पाहुण्या, म्हणजे त्या मशीनच्या आत चालणाऱ्या, प्रोग्रॅमच्या बहुसंख्य सूचना मधल्या सॉफ्टवेअरच्या लुडबुडीशिवाय थेट खऱ्या प्रोसेसरवर चालल्या पाहिजेत. पन्नास वर्षांनंतरही मला यापेक्षा नेमकी रेघ सापडलेली नाही. या अटीवर शुद्ध एम्युलेटर नापास होतो आणि व्हर्च्युअल मशीन पास होतं.

फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेलं क्यूएमू हे सॉफ्टवेअर या रेघेच्या दोन्ही बाजूंना उभं राहतं. एआरएमच्या संगणकावर एक्स८६ चं यंत्र उभं करायला सांगितलंत तर ते सूचनांचा अनुवाद करत बसतं, म्हणजे एम्युलेटर. तेच क्यूएमू लिनक्स कर्नलमधल्या केव्हीएम या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीसोबत एक्स८६ वर एक्स८६ साठी वापरलंत, तर सूचना थेट प्रोसेसरवर जातात. केव्हीएम २००७ मध्ये लिनक्समध्ये आलं. त्याच्या थोडं आधी इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्ये यासाठी खास सोय केली होती. तरीही एवढ्यावर एम्युलेशन संपत नाही. पाहुण्या सिस्टीमला नेटवर्क कार्ड हवं असतं, डिस्क हवी असते, आणि क्यूएमू तिला इंटेलचं एक जुनं नेटवर्क कार्ड दाखवतं जे त्या संगणकात मुळीच नसतं. प्रोसेसर खरा, कार्ड उभं केलेलं. एकाच व्हर्च्युअल मशीनमध्ये एका भागाचं एम्युलेशन असतं आणि दुसऱ्याचं नसतं. 'हे एम्युलेशन आहे का' असा एकच प्रश्न संपूर्ण सॉफ्टवेअरला विचारणं इथेच निकामी ठरतं. कुठल्या थराबद्दल बोलतोय ते आधी सांगावं लागतं.

मायक्रोसॉफ्टच्या घरातही हे दोन्ही मार्ग वापरून झाले. विंडोजवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी २०१६ मध्ये आलेलं डब्ल्यूएसएल हे वाइनची उलटी आवृत्ती होतं: लिनक्स प्रोग्रॅमच्या विनंत्या ऐकून विंडोजचं कर्नल त्या स्वतः पुऱ्या करायचं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत हा मार्ग बाजूला ठेवून एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये खरं लिनक्स कर्नलच आणलं गेलं, कारण लिनक्सच्या शेकडो विनंत्यांचं बारीकसारीक वागणं हुबेहूब जमवणं अवघड होतं आणि फायलींच्या कामात वेग मिळत नव्हता.

वाइनला एम्युलेटर म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ते म्हणतात, वाइन विंडोजच्या वागण्याची नक्कल करतं, अगदी त्यातल्या चुकांसकट. ही गोष्ट खरी आहे. एखाद्या फंक्शनने चुकीच्या वेळी अमुकच एरर कोड दिला पाहिजे, कारण एखादा जुना प्रोग्रॅम त्यावर विसंबून असतो. वाइनच्या चमूकडे चाचण्यांचा मोठा संच आहे आणि तो खऱ्या विंडोजवर चालवून ते खरं वागणं कसं आहे ते शोधतात, कारण मायक्रोसॉफ्टचा कोड बघायचा नाही हा त्यांचा नियम आहे. इतकंच काय, २०२५ च्या लिनक्स ६.१४ मध्ये प्रोग्रॅमने एकमेकांसाठी थांबण्याची विंडोजच्या पद्धतीची यंत्रणा पुरवणारा एनटीसिंक नावाचा ड्रायव्हर आला, त्याच्या कागदपत्रांत वाइनसारख्या सॉफ्टवेअरचा उल्लेख एम्युलेटर असाच केलेला आहे. म्हणजे जाणकारांमध्येही एकमत नाही.

तरी मी वाइनला एम्युलेटर म्हणणार नाही, आणि त्याचं कारण खुद्द विंडोजमध्ये सापडतं. १९९३ मध्ये विंडोज एनटी ३.१ आलं तेव्हा त्याच्या कर्नलवर तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या प्रोग्रॅमची सोय होती: विन३२, ओएस/२ आणि युनिक्सच्या धर्तीचं पोझिक्स. आज आपण ज्याला 'विंडोजचा प्रोग्रॅम' म्हणतो, तो विन३२ ची फंक्शनं बोलावतो आणि ती फंक्शनं पुढे एनटी कर्नलच्या वेगळ्या, खालच्या विनंत्यांत रूपांतरित होतात. म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या विंडोजमध्येही विन३२ हा कर्नलवर चढवलेला एक थरच आहे. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हे आणखी उघडपणे दिसतं. तिथे लिनक्सचे प्रोग्रॅम नव्वदच्या दशकापासून चालतात, कारण कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या जातीप्रमाणे विनंत्यांचा तक्ता जोडून देतं. लिनक्सच्या प्रोग्रॅमला लिनक्सचा तक्ता, फ्रीबीएसडीच्या प्रोग्रॅमला फ्रीबीएसडीचा. दोन तक्ते शेजारी ठेवलेले असताना एकाला अस्सल आणि दुसऱ्याला नक्कल कशाच्या आधारावर म्हणायचं? दोन्ही एकाच विनंतीची, एकाच कर्नलने केलेली पूर्तता आहेत. करार पाळणारा दुसरा कोणी असला, तरी त्याने कराराचं पालनच केलेलं असतं. यंत्राचं सोंग उभं करणं हे निराळं काम आहे.

हीच कसोटी खाली ताणली तर एक अडचण समोर येते, आणि ती मला फार आवडते. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केली. तोवर आयबीएमचं १४०१ हे यंत्र कंपन्या-कंपन्यांत बसलेलं होतं आणि त्याचे प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालले नाहीत तर गिऱ्हाइकं दुसरीकडे जाणार हे उघड होतं. आदल्या डिसेंबरात हनीवेलने १४०१ च्या प्रोग्रॅमना सामावून घेणारं यंत्र आणलंही होतं. आयबीएमने तोड काढली ती प्रोसेसरच्या पोटात. ३६० च्या छोट्या मॉडेलांमध्ये सूचना चालवण्याचं काम मायक्रोकोड नावाच्या आणखी खालच्या प्रोग्रॅमकडे होतं. त्यात १४०१ च्या सूचनांचीही सोय केली. या पद्धतीला आयबीएमच्या लॅरी मॉस यांनी एम्युलेशन हे नाव दिलं. नुसत्या सॉफ्टवेअरने केलेली नक्कल त्या काळी सिम्युलेशन म्हणवली जाई. हार्डवेअरची मदत असेल तरच एम्युलेशन.

अडचण अशी: ३६० च्या त्या मॉडेलांत खुद्द ३६० च्या सूचनाही मायक्रोकोडच चालवत होता. मग खरं यंत्र कुठलं? आजचे इंटेल-एएमडीचे प्रोसेसरही एक्स८६ च्या सूचना आत घेतल्यावर स्वतःच्या छोट्या सूचनांत फोडूनच चालवतात. २००० साली ट्रान्समेटा कंपनीने क्रूसो नावाचा प्रोसेसर आणला, तो आतून पूर्ण वेगळ्या घडणीचा होता आणि एक्स८६ चा अनुवाद सॉफ्टवेअरने करायचा, तरी बाहेरच्याला तो एक्स८६ चा प्रोसेसर म्हणूनच विकला गेला. माझं उत्तर असं की प्रोसेसरच्या पुस्तिकेत जे वचन दिलंय, तिथे जमीन समजावी. त्याखाली काय चाललंय ते प्रोसेसर बनवणाऱ्याचं घरगुती प्रकरण. हा विचारही ३६० च्याच रचनाकारांनी दिलेला आहे. प्रोग्रॅमरला दिसणारं यंत्र आणि ते प्रत्यक्षात कसं बांधलंय, या दोन गोष्टी ॲमडाल, ब्लाऊ आणि ब्रुक्स यांनी १९६४ मध्येच वेगळ्या करून ठेवल्या.

एम१ मध्ये तर १९६४ ची युक्ती पुन्हा दिसते. प्रोसेसरचे अनेक कोअर (स्वतंत्र काम करणारे भाग) एकाच मेमरीत लिहीत असताना कोणाचं लिखाण कोणाला कुठल्या क्रमाने दिसेल, याबाबत एक्स८६ चे नियम एआरएमपेक्षा कडक आहेत. ते सॉफ्टवेअरने पाळायचे तर प्रत्येक ठिकाणी थांबत थांबत जावं लागतं आणि वेग बुडतो. ॲपलने चिपमध्येच एक सोय ठेवली की रोझेटाचा प्रोग्रॅम चालू असताना कडक नियम लागू करता येतात. एम्युलेशन चांगलं व्हावं म्हणून हार्डवेअर वाकवलं गेलं.

आता रोजच्या वापरात यामुळे काय फरक पडतो ते सांगतो. सर्वांत आधी सुरक्षेबद्दल. 'एम्युलेटर' म्हटलं की आतला प्रोग्रॅम बंदिस्त आहे असं वाटतं. जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये ते बऱ्याच अंशी खरंही आहे, कारण आतल्या प्रोग्रॅमला फक्त उभं केलेलं यंत्र आणि तुम्ही जोडून दिलेलं फोल्डर दिसतं. वाइनमध्ये असा कुठलाही पिंजरा नाही. तिथला प्रोग्रॅम तुमच्याच हक्काने चालणारा साधा लिनक्स प्रोग्रॅम आहे, आणि झेड ड्राइव्ह या नावाने त्याला तुमची सगळी डिस्क दिसते. विंडोजचं खंडणीखोर सॉफ्टवेअर वाइनमध्ये उघडलं, तर ते तुमच्या लिनक्समधल्या फायली कुलूपबंद करू शकतं. या एका कारणासाठी तरी वाइनला सरसकट एम्युलेटर म्हणणं थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

वाइनच्या मर्यादाही त्याच्या घडणीतूनच येतात. सूचना थेट प्रोसेसरवर जातात, म्हणून एखाद्या प्रोग्रॅमने डीएलएलला वळसा घालून परस्पर कर्नलला विंडोजच्या क्रमांकाने हाक मारली, तर ती हाक लिनक्सच्या कर्नलला ऐकू जाते आणि त्याला तिचा भलताच अर्थ लागतो. चोरट्या प्रतींपासून बचाव करणारे काही खेळ असंच करतात. यासाठी २०२१ मध्ये लिनक्स ५.११ मध्ये अशा हाका पकडून वाइनकडे परतवण्याची खास सोय करावी लागली. एम्युलेटरमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे प्रत्येक सूचना आधी एम्युलेटरच्या हातातून जाते.

महाराष्ट्रात हा फरक डीटीपीच्या कामात अजूनही पुढे येतो. मराठी पुस्तकांची जुनी जुळणी पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्रॅममध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये झालेली आहे, आणि पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती, सातवी, २००१ ची. अशा फायली उघडायच्या तर जुना संच जिवंत ठेवावा लागतो. नुसता विंडोजचा प्रोग्रॅम असेल तर वाइन करून बघायला हरकत नाही. पण त्यासोबतचं फॉन्टचं पॅकेज डोंगलच्या, म्हणजे संगणकाला लावायच्या किल्लीवजा तुकड्याच्या, कुलपावर चालणारं असेल, तर त्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये बसायला लिहिलेला असतो आणि वाइनकडे विंडोजचं कर्नल नसतंच, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा गाडी अडते. मग जुनं विंडोज व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकावं आणि यूएसबी डोंगल थेट त्या मशीनला जोडून द्यावं. हा उपाय चालतो, पण संगणक एक्स८६ चा असेल तोवरच. एआरएमचा नवा लॅपटॉप घेतला तर जुनं विंडोज अख्खं उभं करायला क्यूएमूच्या एम्युलेशनशिवाय मार्ग नाही, आणि ते हळू असेल. पेजमेकरसारख्या हलक्या प्रोग्रॅमला तो वेगही पुरेल. दीर्घकाळ जपायचं असेल तर म्हणूनच मी शेवटच्या मार्गाचीही तयारी ठेवायला सांगेन, म्हणजे चालू अवस्थेतल्या जुन्या संगणकाच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून ठेवायला. वाइन आणि व्हर्च्युअल मशीन दोन्ही खऱ्या एक्स८६ प्रोसेसरच्या आयुष्याला बांधलेले आहेत. एम्युलेटर कुठल्याही प्रोसेसरवर नव्याने उभा राहू शकतो.

कायद्याच्या बाजूने अमेरिकेत दोन्ही मार्गांची कसोटी लागली आहे. प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्सवर सोनीने खटला भरला, त्यात २००० साली अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. फंक्शनांची नावं आणि मांडणी तीच ठेवून आतला कोड नव्याने लिहिण्याचा प्रश्न गूगल विरुद्ध ओरॅकल खटल्यात आला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गूगलचा वापर रास्त ठरवला. व्यवहारात एम्युलेटरवाल्यांना आणखी एक अडचण असते: अनेक जुन्या यंत्रांत कंपनीने स्वतः लिहिलेली रॉम (यंत्रात कायमचा बसवलेला प्रोग्रॅम) असते, आणि ती कंपनीच्या मालकीची असते. वाइनने सगळंच नव्याने लिहिल्यामुळे त्याला मायक्रोसॉफ्टची एकही फाइल लागत नाही.

सध्या या सीमारेषेवरचं सगळ्यात रंजक काम एआरएमवरच्या विंडोजमध्ये चाललं आहे. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने एआरएम६४ईसी नावाची पद्धत आणली. तिच्यात एकाच चालू प्रोग्रॅमच्या आत काही कोड एआरएमचा आणि काही एक्स८६ चा असू शकतो. सिस्टीमच्या डीएलएल एआरएमच्या, त्या पूर्ण वेगाने थेट चालतात. प्रोग्रॅमचा जुना कोड एक्स८६ चा, तो एम्युलेटरमधून जातो. जुन्या कोडने सिस्टीमचं फंक्शन बोलावलं की त्या क्षणी एम्युलेशन थांबतं आणि फंक्शन परतलं की पुन्हा सुरू होतं. वाइननेही ही पद्धत उचलली आहे. यामुळे एखादी कंपनी आपला मुख्य प्रोग्रॅम एआरएमसाठी नव्याने बांधू शकते आणि गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं जमवलेले एक्स८६ चे प्लग-इन त्याच प्रोग्रॅममध्ये, त्याच मेमरीत उघडू शकते. अशा प्रोग्रॅमबद्दल एम्युलेशनचा प्रश्न फंक्शनगणिक विचारावा लागतो, आणि प्रत्येक फंक्शनला त्याचं उत्तर मिळतं.